पेल्याभोवतीचा दोरा

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा पाण्याचा स्टीलचा पेला मुलांसमोर ठेवा आणि विचारा, "याची उंची जास्त, की तोंडाचा घेर?" बहुतेक घरांत उत्तर येतं, उंची. मनातल्या मनात तुम्हीही तेच म्हणाल. मग दोरा आणा. पेला 12 सेंटीमीटर उंच आणि तोंडाशी 7 सेंटीमीटर रुंद असेल, तर तोंडाभोवती 22 सेंटीमीटर दोरा लागतो, म्हणजे उंचीच्या जवळजवळ दुप्पट. वर्गात मी हा पेला कित्येकदा ठेवलाय. "मॅडम, दोरा सैल धरलाय तुम्ही," असं कुणीतरी म्हणतंच.

पालकहो, परीघाचं सूत्र पाठ करून घ्यायची घाई करू नका, एवढ्यासाठीच हे लिहितेय. "टू पाय आर" घडाघडा म्हणणारी मुलं त्रिज्येच्या जागी व्यास घालतात आणि उत्तर दुप्पट आलं तरी त्यांना काही खटकत नाही. ज्याने दोऱ्याने मोजलंय त्याला खटकतं. घेर व्यासाच्या तिपटीहून जरासाच जास्त असतो, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. (पाय हे नाव ऐकून सुरुवातीला हशा पिकतो. पिकू द्या.)

स्वयंपाकघरातल्या गोल वस्तू जमवा : डब्याचं झाकण, पोळपाट, परात. दोरा न ताणणारा हवा. व्यास मोजताना मात्र मुलं फसतात, कारण झाकणाचा मध्य कुठेच लिहिलेला नसतो. पट्टीचं एक टोक कडेवर टेकवून दुसरं हळूहळू सरकवायचं. सगळ्यात मोठं माप येईल तो व्यास. मग घेराला व्यासाने भागायचं. 3.2 आलं, 3.1 आलं, तरी "चुकलं" म्हणू नका. लहान झाकणापेक्षा परातीचं उत्तर नेमकं का येतं, ते विचारा. दोरा 3 मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर 6 सेंटीमीटरच्या झाकणावर उत्तर 3.19 पर्यंत जातं, 40 सेंटीमीटरच्या परातीवर फक्त 3.15 पर्यंत. हे मुलाला स्वतःला सुचलं तर त्या दिवशी गृहपाठ नाही झाला तरी चालेल.

आणखी एक गैरसमज आपणच लावून देतो, आम्ही शिक्षकसुद्धा. पाय म्हणजे 22 छेद 7, असं आपण सांगतो आणि उदाहरणांत त्रिज्या 7, 14, 21 अशीच देतो, म्हणजे सातला सात कटतो. पण 22 छेद 7 म्हणजे 3.142857…, आणि पाय 3.14159…. शेजारी आहेत, एक नाहीत. आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास 20,000 व्यासाला 62,832 परीघ सांगितला, म्हणजे 3.1416, आणि वर हे माप "आसन्न" आहे, जवळपासचं आहे, असंही नोंदवलं. एवढा प्रामाणिकपणा आमच्या फळ्यावर कधी कधी नसतो.

आता उलटा हिशेब. बांगड्यांचं माप "दोन सहा" असतं ना? ते दशांश नव्हे. 2 पूर्णांक 6 सोळांश इंच, बांगडीचा आतला व्यास. मुलीला सांगा, आईचा अंगठा करंगळीकडे दुमडून हाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती दोरा गुंडाळ. समजा 19 सेंटीमीटर भरला. 3.14 ने भागलं की 6.05 सेंटीमीटर, आणि दोन सहाची बांगडी असते 6.03 सेंटीमीटरची. कासार हे सगळं नुसतं हात दाबून सांगतो. पुढच्या खेपेला बांगड्या भरायला जाल तेव्हा मुलीने आपलं उत्तर चिठ्ठीवर लिहून मुठीत ठेवावं, आणि तो माप सांगेपर्यंत मूठ उघडू नये.