ब्रीदरची वाफ आणि इंजिन खोलण्याची घाई

प्रश्न : माझ्या जुन्या टेम्पोच्या ब्रीदर पाइपमधून तेलकट वाफ येते. मेकॅनिक म्हणतो, बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन खोलावे लागेल. तोवर पाइप बंद केला तर चालेल का?
– एक टेम्पोमालक, भिवंडी

उत्तर : डिझेल इंजिनात थोडा वायू पिस्टन रिंगांना चुकवून ऑइल चेंबरमध्ये उतरतोच, ब्रीदर त्याला वाट देतो. हा वायू प्रमाणाबाहेर वाढला, की मेकॅनिक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. जुन्या इंजिनात ही वाट उघड्यावर असल्याने विरळ वाफ दिसणे हा बिघाड नव्हे. गोदामाच्या दारात तासन्‌तास रिकामे चालणारे, मानकोली नाक्याच्या कोंडीत रखडणारे इंजिन नीट तापत नाही आणि पावसाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरी साय धरते. ती बहुधा ओलावाच असते. मात्र रेडिएटरचे पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे लागते.

पाइप मात्र कधीही बंद करू नये. दाब वाढून ऑइल सील फुटतात.

दाब जोखण्यासाठी इंजिन गरम असताना आयडलवर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून नुसते ठेवावे. हात दूर ठेवावा, गरम तेल उडते. झाकण उडून पडले, तर दाब संशयास्पद. तरीही दोष रिंगांचाच असतो असे नाही: तुंबलेला ब्रीदर, जास्त भरलेले तेल, झिजलेला टर्बो किंवा ब्रेकचा कॉम्प्रेसरही हेच लक्षण दाखवतो. हे सारे निर्दोष ठरले, तेल सतत घटत राहिले आणि कॉम्प्रेशन चाचणीत एखादा सिलिंडर कमी भरला, तरच इंजिन खोलावे.