जुनी फ्रेम, वेल्डिंगपाशी चीर

प्रश्न : ऑनलाइन जाहिरात पाहून सायकलची जुनी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घेतली. पुसताना हँडलखालच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी रेघ दिसली. विकणारा म्हणतो, नुसता रंग तडकलाय. वापरू का?

उत्तर : खात्री होईपर्यंत अजिबात नको. पुढच्या चाकाचे सगळे धक्के हाच सांधा सोसतो; तो चालत्या सायकलवर तुटला, तर सावरायलाही वेळ मिळत नाही.

आधी जवळून फोटो काढा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. जाहिरात, मेसेज, पैसे दिल्याची नोंद, खोका, सगळे जपून ठेवा. विक्रेता व्यावसायिक असेल आणि दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

फ्रेम परत जाणार नसेल, तरच तेवढ्या जागेचा रंग बारीक पॉलिश पेपरने काढा. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून बघा. उघड्या धातूवरही रेघ दिसली, तर फ्रेम बाद समजा.

कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका. साधी पोलादी फ्रेम सांधता येते. पण सायकलींत सर्रास वापरले जाणारे ६०६१ अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगत मऊ पडते. भट्टीतली पुढची प्रक्रिया केल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. पैसे गेले तरी चालतील, जीव धोक्यात घालू नका.