जुने लॅपटॉप आणि विजेचा हिशेब : दोन प्रक्रियकांचा तौलनिक अभ्यास

शाळा, ग्रामपंचायती आणि छोटी कार्यालये यांच्याकडे आज अनेक जुने लॅपटॉप आहेत. काही देणगीदाखल आलेले असतात, काही वरिष्ठ कार्यालयांनी बदलून दिलेले असतात, तर काही वापरलेले म्हणून अल्प किमतीत घेतलेले असतात. त्यांपैकी कोणता ठेवावा, कोणता कोठे वापरावा आणि कोणता मोडीत काढावा, हा निर्णय बहुधा यंत्राच्या बाह्य स्वरूपावरून किंवा त्यावर छापलेल्या एखाद्या मोठ्या आकड्यावरून घेतला जातो. हा मार्ग सदोष आहे. लॅपटॉपची खरी योग्यता त्याच्या प्रक्रियकावर, म्हणजे प्रोसेसरवर, मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. यास्तव दोन परिचित जुन्या प्रक्रियकांची तुलना येथे केली आहे.

दोन नमुने

पहिला, इंटेल कंपनीचा 'कोअर आय५-३३२०एम' हा २०१२ सालचा. दुसरा, त्याच कंपनीचा 'कोअर आय५-६२००यू' हा २०१५ सालचा. दोहोंत दोन गाभे असून चार कामे समांतर चालतात. दोहोंची अंतर्गत द्रुतस्मृती ३ मेगाबाइट आहे. येथवर दोघे सारखेच आहेत.

फरक पुढे दिसतो. पहिल्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ असून गरजेनुसार तो ३.३ पर्यंत चढतो. दुसऱ्याचा मूळ वेग २.३ आणि कमाल वेग २.८ गिगाहर्ट्‌झ आहे. केवळ हे आकडे पाहणारा मनुष्य पहिलाच निवडील. परंतु उष्णतेचा आकडा पाहिला तर चित्र पालटते. पहिला ३५ वॅटचा, तर दुसरा १५ वॅटचा आहे. प्रत्यक्ष कामात मात्र दोघे जवळजवळ बरोबरीचे आहेत. बहुतेक कसोट्यांत दुसराच किंचित पुढे असतो. नावाच्या शेवटी असलेल्या अक्षराचा अर्थही येथेच उलगडतो. या पिढ्यांत 'एम' हे अक्षर सर्वसाधारण लॅपटॉपसाठी, तर 'यू' हे अक्षर अल्प वीज घेणाऱ्या, सडपातळ लॅपटॉपसाठी योजलेले आहे.

कमी वेग, तरी काम तेवढेच कसे?

वसई तालुक्यातील जूचंद्र हे रांगोळी कलावंतांचे गाव म्हणून सुपरिचित आहे. तेथील कलेचाच दाखला घेऊ. एक कलावंत मिनिटाला अधिक चिमटी टाकतो. दुसरा कमी टाकतो, परंतु त्याच्या प्रत्येक चिमटीत अधिक लांब रेघ उमटते. दोघांची रांगोळी एकाच वेळी पुरी होऊ शकते. गिगाहर्ट्‌झ म्हणजे चिमटींची संख्या होय. प्रत्येक ठोक्यात किती काम होते, हे त्या आकड्यातून कळत नाही. नव्या रचनेचा प्रक्रियक एका ठोक्यात अधिक काम उरकतो.

दुसरे कारण रेघेच्या बारीकपणाचे. रेघ बारीक असेल तर त्याच चौकटीत अधिक तपशील मावतो आणि रंगही कमी लागतो. पहिला प्रक्रियक २२ नॅनोमीटर तंत्राने, तर दुसरा १४ नॅनोमीटर तंत्राने घडविलेला आहे. हे आकडे प्रत्यक्ष मोजमापापेक्षा तंत्राची पिढी दर्शवितात. तथापि पिढी जितकी नवी, तितकी प्रत्येक सूक्ष्म कळ उघडझाप करण्यास वीज कमी लागते, हे खरे आहे.

आणखी एक व्यावहारिक भेद आहे. एचईव्हीसी या पद्धतीने साठविलेली चित्रफीत उलगडण्याची स्वतंत्र सोय दुसऱ्या प्रक्रियकात आहे. पहिल्यात ती नाही. अशी चित्रफीत पहिल्यावर लावल्यास साऱ्या गाभ्यांना राबावे लागते, पंखा घोंघावतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. चित्रफितींच्या साह्याने पाठ घेणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

विजेचा हिशेब

३५ आणि १५ वॅट हे विजेच्या वापराचे रोजचे आकडे नव्हेत. पूर्ण भाराखाली किती उष्णता बाहेर काढण्याची तजवीज असावी, याचे ते माप आहे. त्यामुळे पुढील हिशेब कमाल मर्यादेचा समजावा.

फरक २० वॅट. रोज पाच तास म्हणजे १०० वॅट-तास, अर्थात एक दशांश युनिट. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस धरलेले आहेत. त्या हिशेबाने एका लॅपटॉपमागे २० युनिट, दहांमागे २०० युनिट. प्रत्यक्षात बचत याहून बरीच कमी होईल, कारण लेखन-वाचनाच्या कामात प्रक्रियक बहुतांश वेळ स्वस्थ असतो. म्हणून केवळ वीजबिलासाठी चालू यंत्र बदलणे शहाणपणाचे नाही.

खरा लाभ वीज गेल्यावर दिसतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत १,८०० वॅट-तास वीज साठते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मीच, म्हणजे ९०० वॅट-तास, वापरली असे समजू. प्रत्येकी ३० वॅट घेणारे दहा लॅपटॉप त्यावर तीन तास चालतील. प्रत्येकी २० वॅट घेणारे दहा साडेचार तास. इन्व्हर्टरमधील घट दोहोंतून वजा होईल, परंतु प्रमाण तेच राहील. दीड तास म्हणजे शाळेच्या दोनहून अधिक तासिका.

कोठे कोणता?

वसई रोड-दिवा रेल्वेमार्गावरील जूचंद्र मुंबई महानगराच्या निकट आहे, तर त्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्यासारखे डोंगराळ तालुकेही आहेत. निवड करताना हा भेद पाहावा. जेथे वीज अखंड आहे आणि यंत्र एकाच मेजावर राहणार आहे, तेथे ३५ वॅटचा जुना लॅपटॉप दाखले टंकित करण्यास पुरेसा आहे. जेथे वीज वारंवार जाते किंवा सौर पटलावर काम चालते, तेथे १५ वॅटचाच द्यावा.

निर्णयापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, दोन्ही यंत्रांच्या बॅटऱ्या पूर्ण भरून, प्लगला वॅटमापक लावून, तीच चित्रफीत दोहोंवर चालवून पाहावी. छापील आकड्यापेक्षा हे माप विश्वसनीय. दुसरी, जुनी फिरती हार्ड डिस्क असल्यास तिच्या जागी एसएसडी बसवावी आणि स्मृती ८ गिगाबाइट करावी. यंत्र मंद असण्याचे कारण पुष्कळदा प्रक्रियक नसून डिस्क असते. तिसरी, विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ च्या अधिकृत अटींत हे दोन्ही प्रक्रियक बसत नाहीत. म्हणून नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या यंत्रावर उबंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' यांसारख्या लिनक्स प्रणालीची चालू आवृत्ती बसवावी. ती घेण्यापूर्वी आपली नित्याची कामे, मराठी टंकलेखन आणि छपाईयंत्र तिच्यावर चालते याची खात्री करून घ्यावी.

जे यंत्र दुरुस्तीपलीकडे गेले असेल, ते भंगारवाल्याच्या स्वाधीन करू नये. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जावे. तत्पूर्वी त्यातील माहिती पुसून टाकण्याची दक्षता घ्यावी.

सार्वजनिक पैशातून आलेल्या प्रत्येक यंत्राचे पूर्ण आयुष्य उपयोगात आणणे, हीही एक काटकसरच होय. त्यासाठी मोठ्या आकड्याला न भुलता, एका वॅटमध्ये किती काम होते, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि ग्रामसेवकाने विचारावयास हवा.