आधी जवळ जाऊन बघ

बाय, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, एक निस्तरावं तर दुसरं उभं." नळाला पाणी पुरत नाही, नवऱ्याची एमआयडीसीतली शिफ्ट बदलली की घरातलं सगळंच बदलतं, सासरे जाऊन इतके महिने झाले तरी सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली नाहीत, आणि पावसाळा तोंडावर आलाय. तुझ्या आवाजातला थकवा मला ऐकू आला. रात्रभर तोच मनात होता, म्हणून आज सविस्तर बोलते.

तू बिरवाडीत नांदायला आलीस, पण या गावातली एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. 1976 साली इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून शिकलेले. तेव्हा आपल्या भागात विंचू म्हटलं की माणसांच्या पोटात गोळा यायचा. लाल विंचू कौलांत, दगडांच्या गडग्यात, सरपणाच्या ढिगात, पेंढ्यात दडलेला असायचा. लहान पोराला डसला की आई आधी मांत्रिकाकडे धावायची आणि पोर दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या छातीत पाणी झालेलं असायचं. नेमका इलाज वैद्यकाच्या पुस्तकातही नव्हता.

मग त्यांनी काय केलं? ते रुग्णाच्या उशाशी बसले. रात्र रात्र बसले. डंख कधी झाला, घाम केव्हा फुटला, उलटी किती वेळाने झाली, हातपाय गार कधी पडले, रक्तदाब कसा चढला आणि कसा उतरला, सगळं टिपत गेले. त्या टिपणांतून कळलं की जीव जातो तो हृदय आणि फुप्फुसं कोलमडल्यामुळे, आणि त्याची चाहूल शरीर बरंच आधी देतं. ही लक्षणं त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी या रुग्णांना वापरून पाहिली. 1986 साली त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा त्यावरचा लेख तिथेच छापून आला. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तिसाच्या आसपास दगावत, ते प्रमाण अगदी थोड्यावर आलं. महाडला दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

हे तुला सांगते कारण हातात काही नसताना कुठून सुरुवात करायची, ते त्यांनी आपल्याच गावात करून दाखवलंय. जवळ जायचं, बघायचं, लिहायचं. आपण बायका घाबरलो की उलटं करतो. अडचणीपासून लांब उभ्या राहून तिच्याबद्दल खूप बोलतो.

तुझं पाण्याचंच घे. शेजारीण मोटर लावून पाणी ओढते, असं तुझं म्हणणं. असेलही. पण तिच्या दारात जाण्याआधी आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही, जिथे दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख लिहितेस तिथेच. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हंडे किती भरले, धार कधी बारीक झाली. वीज नसते त्या दिवशी काय होतं, हे खास बघ. वीज गेलेली असतानाही धार बारीकच असेल, तर शेजारणीच्या मोटरचा दोष नाही. मग व्हॉल्व्ह, नाहीतर गळकी लाइन. ते पान घेऊन पाणी सोडणाऱ्या माणसाशी बोल, मग ग्रामपंचायतीत जा. "पाणी येत नाही" म्हणणाऱ्या दहा जणी रोज तिथे येतात. वार आणि वेळ सांगणारी आली की समोरच्याला उठून बघावं लागतं. आणि दुरुस्ती एका वेळी एकच कर. नळ, पाइप, टाकी सगळं एकदम बदललंस तर नक्की कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही, पैसे मात्र जातील.

एक मात्र ऐक. माणसांची अशी टिपणं ठेवू नकोस. सासूबाई कोणत्या दिवशी काय बोलल्या, ते तारखेसकट लक्षात ठेवलंस तर तुझाच जीव पोखरला जाईल. नवरा गेल्यापासून त्या चिडचिड करतात, तर संध्याकाळी दहा मिनिटं नुसती त्यांच्याजवळ बस. काही सुचवू नकोस, समजावू नकोस. यावर तोडगा नाही, सोबत आहे.

पावसाळ्याचं काम या आठवड्यात उरक. 22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळीयेत दरड कोसळली. सावित्री, काळ आणि गांधारी एकदम चढल्या की विचार करायला वेळ मिळत नाही. मूळ कागद, औषधं, टॉर्च एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेव. कागदांचे फोटो मला आणि दादाला पाठव. काळ नदी किती चढली की घर सोडायचं आणि कुणाकडे जायचं, हे घरातल्या सगळ्यांनी बसून आत्ताच ठरवा. पेंढा, सरपण हलवताना हात घालण्याआधी काठीने ढोस. विंचू डसलाच तर घड्याळ बघ, वेळ लक्षात ठेव आणि थेट दवाखाना गाठ. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय यांतलं काय आणि कधी दिसलं, ते डॉक्टरांना सांग.

आता वारसनोंद. त्याचीच तुला सगळ्यात जास्त धास्ती आहे, आणि खरं तर तेच सगळ्यात सरळ काम आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. "या पुढच्या आठवड्यात" असं तोंडी ऐकून घरी येऊ नकोस. अर्जाच्या दोन प्रती ने, एकीवर तारखेसकट पोच घे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरवून दिलीय. मुदतीत काम झालं नाही तर तीस दिवसांत तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. अपिलाची वेळ बहुतेक येणारही नाही. पण तुला ते ठाऊक आहे हे तुझ्या बोलण्यातूनच कळतं. आवाज चढवायची गरज नाही. नणंदेचं नाव वारसांत लावायचंय, तिच्याशी अर्जाआधीच मोकळेपणाने बोलून घे, नंतर हरकत येऊन मनं कडू व्हायला नकोत.

सोमवारी नवऱ्याची दुसरी पाळी आहे ना? मग सकाळी दोघं मिळूनच जा, आणि पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठव.