पैसे घेताना पिन कशाला?

प्रश्न : दिवाळीत आम्ही ५५ इंची टीव्ही घेतला. चार वर्षांपूर्वी ३४ हजारांना घेतलेला ४३ इंची एलईडी अजून उत्तम चालतो. पण दुकानदार एक्स्चेंजमध्ये त्याचे चारच हजार धरत होता, म्हणून तो घरीच ठेवला. परवा मोबाइलवर जाहिरात टाकली आणि लगेच एकाचा फोन आला. 'मी लष्करात आहे, भिंगारला बदली झाली आहे, १२ हजारांना घेतो, बघायला येण्याची गरज नाही,' असे तो म्हणाला. ओळखपत्राचा फोटो आणि क्यूआर कोड पाठवून, 'कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील,' असे सांगतो आहे. काय करावे? आणि या रकमेवर कर भरावा लागेल का? मी निवृत्त शिक्षक आहे.
– एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर

उत्तर : सर, तो कोड स्कॅन करू नका. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली आहे. क्यूआर कोडचा मार्ग मात्र उघडाच आहे.

जवान असल्याची बतावणी करून फसवण्याचा हा प्रकार देशभर चालतो. आपल्या नगरमध्ये तो जास्त धोक्याचा, कारण भिंगारला खरोखरच लष्कराची छावणी आहे आणि जवानाच्या शब्दावर आपण शंका घेत नाही. पण खरा जवान घरी येईल, टीव्ही लावून बघेल, भाव पाडून मागेल. ओळखपत्राचा फोटो तर कोणाचाही पाठवता येतो. नंबर ब्लॉक करा. पिन टाकून झाला असेल, तर हे वाचणे थांबवून आधी १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

कराची काळजी सोडा. घरगुती वापराची जंगम वस्तू आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरली जात नाही (दागिने, चित्रे, शिल्पे हे अपवाद). तुम्ही व्यापारी नसल्याने जीएसटीचाही प्रश्न नाही.

किमतीबाबत मात्र थोडे नमते घ्या. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८वरून १८ टक्के झाला. करापूर्वी ३० हजारांचा असलेला टीव्ही पूर्वी ३८,४०० रुपयांना पडे, तो आता ३५,४०० रुपयांना पडतो. गिऱ्हाईक तुमच्या जुन्या बिलाशी नव्हे, आजच्या नव्या टीव्हीच्या भावाशी तुलना करणार. पुढे कधी एक्स्चेंज करायची वेळ आली, तर दुकानदाराला आधी एक्स्चेंजशिवायची रोख किंमत विचारा. दोन्ही किमतींतला फरक हाच जुन्या टीव्हीचा खरा भाव.

व्यवहार तोंडी झाला तरी कायदेशीर असतो, पण साध्या कागदावर पावती कराच. दोघांची नावे, तारीख, रक्कम, मॉडेल, टीव्हीच्या मागचा सिरियल नंबर आणि 'जसा आहे तसा, चालवून दाखवून विकला' एवढे पुरे. मूळ बिलाची प्रत जोडा, म्हणजे घेणाऱ्यालाही माल चोरीचा नसल्याची खात्री राहील. पडद्यावर रेघ किंवा डाग असेल तर तोही पावतीत लिहा. माहीत असलेला दोष लपवून विकणे ही करार कायद्यानुसार फसवणूक ठरते आणि घेणारा व्यवहार रद्द करू शकतो. टीव्ही हप्त्यांवर घेतला असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आधी हातात घ्या.

स्मार्ट टीव्ही असेल तर देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर तुमचे गुगल खाते टीव्हीबरोबर परक्या घरात जाईल. आणि पैसे आल्याचा मेसेज दाखवला तरी त्यावर विसंबू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा झालेली स्वतः बघा, मगच टीव्ही गाडीत चढवू द्या.