माथेरानची राणी : नुसतं खेळणं नव्हे!

'माथेरान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल माती, घोडे, माकडं, चिक्की आणि ती चिमुकली गाडी. पनवेलच्या आपल्या बाजूला प्रबळगडापलीकडे माथेरानचा डोंगर आहे. वीकएंडला तिथे जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण या गाडीमागचं इंजिनिअरिंग किती जणांना माहीत आहे? म्हणून हा छोटासा अभ्यास.

इ. स. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानची जागा हेरली. मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेले साहेब लोक आणि श्रीमंत व्यापारी इथे बंगले बांधू लागले. बोरीबंदरहून नेरळपर्यंत रेल्वे होती, पण पुढचा डोंगर चढायचा तो घोड्यावर, पालखीत नाहीतर पायी. थोडक्यात, एकाचा उन्हाळा सुखाचा व्हावा म्हणून दुसऱ्याचे खांदे दुखायचे!

या डोंगरावर गाडी नेता येईल असा विचार एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने केला. आपली बार्शी लाईट रेल्वे बांधणारे ते हेच. पैसा उभा केला मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी आणि काम तडीस नेलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ मध्ये काम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. त्या काळचे १६ लाख, बरं का!

आता थोडं गणित. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, तर माथेरान सुमारे ८०० मीटरवर. अंतर साधारण २० किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ २६ ला १, आणि काही ठिकाणी तर तो २० ला १ आहे. आपल्या बोरघाटातला चढ ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात! निलगिरीच्या गाडीला सुमारे १२ ला १ चढासाठी दातेरी रूळ आहे. माथेरानला दातेरी रूळ नाही. सगळी भिस्त चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावर.

२० ला १ चढावर १ टन वजन ओढायला निव्वळ गुरुत्वाकर्षणापोटी ५० किलो जोर लागतो. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या वजनाच्या साधारण पाव भागाइतका जोर लावू शकतं, त्यापुढे चाकं घसरतात. म्हणजे इंजिन स्वतःला धरून पाचपट वजन नेईल. स्वतःचं वजन वजा केलं की उरले चौपट वजनाचे डबे. वळणांचा विरोध धरला तर आणखी कमी. रूळ ओले झाले तर विचारूच नका! गाडी एवढी छोटी का, याचं उत्तर यात आहे.

दुसरा प्रश्न वळणांचा. २ फुटी गेज असूनही वळणं इतकी अवघड की साधं इंजिन तिथे अडकेल. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची 'क्लीन-लिंडनर' रचनेची इंजिनं आणली. त्यांत टोकाच्या चाकांचा आस पोकळ असतो आणि त्याच्या आत दुसरा भरीव आस फिरतो. त्यामुळे ताकद पोचते आणि चाकं वळणाप्रमाणे थोडी सरकतातही. किती साधी, पण डोकेबाज युक्ती! ही वाफेची इंजिनं १९८२ पर्यंत चालली. मग सगळा भार डिझेलवर आला.

पण डोंगराशी गाठ आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग वाहून गेला. दुरुस्ती होऊन २००७ मध्ये, ऐन शताब्दीच्या वर्षी, गाडी पुन्हा सुरू झाली. २०१६ च्या मे महिन्यात डबे दोनदा घसरले आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला २०१८ उजाडलं. २०१९ च्या पावसाने परत घाला घातला, तो थेट ऑक्टोबर २०२२ पर्यंत. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच ठेवतात, फक्त वरची शटल चालते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? रस्ता आहे की! पण माथेरान २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तिथून पुढे चालणं, घोडा किंवा माणसाने ओढायची हातरिक्षा हेच पर्याय होते. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. आजारी माणूस, म्हातारी आजी, शाळेची पोरं, यांच्यासाठी शटल म्हणजे चैन नाही, गरज आहे.

उन्हाळी पाहुण्यांच्या हौसेसाठी बांधलेली गाडी गावाची गरज झाली, हे मला या अभ्यासात सगळ्यात जास्त भावलं. सिव्हिलवाल्यांनो, उतार धरून ठेवणं, पाण्याला वाट काढून देणं, दरडी रोखणं हे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. पुढच्या वेळी माथेरानला जाल तेव्हा खिडकीतून फक्त दरी बघू नका, रुळाखालची गटारंसुद्धा बघा. गाडी पुढची शंभर वर्षं चालणार की नाही, ते त्या गटारांवरच ठरणार आहे!