शिकारी जातीचे पिल्लू आणि जिवंत पक्षी

प्रश्न : आमचे लॅब्रॅडोर पिल्लू पाच महिन्यांचे आहे. त्यास जिवंत पक्ष्याची सवय कशी लावावी? – एक वाचक, वटार (वसई)

उत्तर : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये वन्य पक्ष्यास मारण्याचीच नव्हे, तर पकडण्याची व हाकण्याचीही मनाई असल्याने, हिवाळ्यात तुमच्या मुलखातील पाणथळीत उतरणाऱ्या पाणलाव्यांवर वा रानबदकांवर पिल्लू सोडण्याचा विचार सर्वस्वी वर्ज्य समजावा. मात्र या जातीची उपजत वृत्ती पडलेली वस्तू शोधून आणून देण्याची, फाडण्याची नव्हे. तिची जोपासना कापडाच्या गुंडाळीवर उत्तम होते. सध्या दात बदलत असतील, तेव्हा गुंडाळी तोंडातून ओढू नये.

‘बस’, ‘ये’ हे हुकूम पक्के झाल्यावरच त्यास लांब दोरीने वाडीतल्या कोंबड्यांपाशी, जाळीअलीकडे न्यावे; कान टवकारून ते ताठरले की दोरीस हिसका न देता ‘बस’ म्हणावे, आणि नजर कोंबडीवरून तुमच्याकडे वळताच खाऊ द्यावा. पंख बांधलेले कबूतर तोंडी देण्याची जुनी साहेबी तजवीज मला साफ नामंजूर आहे : पक्ष्याचे हाल होतातच, शिवाय त्याच्या फडफडीने पिल्लू बुजते, नाहीतर घट्ट चावण्याची खोड शिकते. शेजाऱ्यांच्या बदकांवर प्रयोग मुळीच करू नये.